लॅपटॉपसाठी जीपीएस रिसीव्हर घेताय? या चुका टाळा

लॅपटॉपला जीपीएस रिसीव्हर जोडून बसलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "दिवा लागतोय, पण नकाशावर मी कुठेच दिसत नाही." मग रिसीव्हरच खराब निघाला असं ठरवून तो परत केला जातो. माझ्या पाहण्यात आलेले असे बहुतेक रिसीव्हर धडधाकट होते. घोडं दुसरीकडेच अडलेलं होतं.

पहिली चूक खरेदीच्या आधीच होते. रिसीव्हर आधी घेतला जातो आणि सॉफ्टवेअरचा विचार मागाहून. हा क्रम उलटा करा. नकाशा दाखवणारा प्रत्येक प्रोग्राम यूएसबीला लावलेला रिसीव्हर वाचतोच असं नाही. ब्राउझरमधला गूगल मॅप्स लॅपटॉपवर बहुधा आजूबाजूच्या वाय-फायवरून जागेचा अंदाज बांधतो. कॉम पोर्टवर, म्हणजे रिसीव्हर ज्या वाटेने लॅपटॉपला माहिती देतो तिथे, काय येतंय याकडे तो ढुंकूनही बघत नाही. तिथे कितीही भारी रिसीव्हर लावलात तरी निळा ठिपका जागचा हलणार नाही.

होडी चालवायची असेल तर ओपनसीपीएन घ्या. जमिनीची हद्द, झाडं, विहिरी, पायवाटा नोंदवायच्या असतील तर क्यूजीआयएस. दोन्ही फुकट आहेत, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात आणि रिसीव्हर थेट वाचतात. "पुढे डावीकडे वळा" असं सांगणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आता फारसं उरलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने आपलं स्ट्रीट्स अँड ट्रिप्स २०१४ मध्येच बंद केलं. तेवढंच काम असेल तर माझं स्पष्ट मत आहे: फोन वापरा, रिसीव्हरवर पैसे घालू नका. आणि नकाशे निघण्यापूर्वी उतरवून ठेवा. क्यूजीआयएसमधला ओपनस्ट्रीटमॅप या नेटवरच्या फुकट नकाशाचा थर घरी सुरेख दिसतो, पण रानात नेट गेलं की मागे पांढरा पडदा आणि त्यावर एकटा ठिपका राहतो.

सॉफ्टवेअर ठरल्यावर रिसीव्हरचं एकच नीट विचारा: तो एनएमईए ०१८३ या, बहुतेक नकाशा-प्रोग्रामना कळणाऱ्या सामायिक पद्धतीने माहिती देतो का? हातात धरायची काही उपकरणं यूएसबीवर फक्त आपल्या कंपनीची भाषा बोलतात. पेन ड्राइव्हसारखी छोटी कांडी घेण्यापेक्षा वायर असलेला रिसीव्हर घ्या. कांडी लॅपटॉपला चिकटून राहते, त्यामुळे वर छप्पर आणि शेजारी लॅपटॉपचा विद्युत गोंगाट, दोन्हींचा तिला त्रास होतो. वायर असली की काचेपाशी किंवा टपावर ठेवता येतो. वापरलेला जुना रिसीव्हर घेताना तारीख तपासा. जीपीएसचा तारीख ठरवण्यासाठीचा आठवड्यांचा मूळ आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो तसा आला. काही जुने रिसीव्हर तेव्हापासून जागा बरोबर पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतात. अशा रिसीव्हरच्या नोंदी पुढे कामाला येत नाहीत.

आता "चालत नाही" याकडे वळू. नकाशाचा प्रोग्राम बंद करा आणि पुट्टीसारख्या टर्मिनलमध्ये, म्हणजे पोर्टवर येणारा मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रिसीव्हरचा कॉम पोर्ट उघडा. पोर्टचा क्रमांक विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, मिळेल. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सरसर येऊ लागल्या की रिसीव्हर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. कचऱ्यासारखी अक्षरं आली तर बॉड रेट, म्हणजे माहिती येण्याचा वेग, चुकलाय: सर्फ (SiRF) कंपनीच्या चिपच्या रिसीव्हरांना सहसा ४८०० लागतो, यू-ब्लॉक्स कंपनीच्या चिपवाल्यांना ९६००. पोर्ट उघडतच नसेल तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तो धरून ठेवलाय का बघा, कारण विंडोजमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम तो वापरू शकतो. ब्लूटूथ रिसीव्हरला दोन पोर्ट दिसतात, त्यातला 'आउटगोइंग' निवडा.

माझ्या लॅपटॉपवर एकदा वेगळंच झालं. रिसीव्हर लावलेला असताना मशीन सुरू केलं आणि बाण पडद्यावर सैरावैरा पळायला लागला, आपोआप खिडक्या उघडू लागल्या. मला व्हायरसची शंका आली. प्रत्यक्षात पोर्टवर सतत येणारा मजकूर पाहून विंडोजने रिसीव्हरलाच माउस समजून घेतलं होतं. डिव्हाइस मॅनेजरच्या माउसच्या यादीत 'सीरियल बॉलपॉइंट' नावाची नोंद दिसेल. ती डिसेबल करा. काढून टाकलीत तर ती परत उगवते.

ओळी येतायत पण जागा नाही? मग सुरुवातीच्या अक्षरांत आरएमसी (RMC) असलेली ओळ वाचा. वेळेच्या आकड्यानंतर 'ए' असेल तर जागा सापडली, 'व्ही' असेल तर अजून नाही. इथे लोक उतावीळ होतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती सलग मिळावी लागते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. नवा रिसीव्हर मोकळ्या आकाशाखाली एका जागी पंधरा मिनिटं ठेवा आणि मगच त्याला नावं ठेवा. घरात टेबलावर घेतलेली परीक्षा धरू नका.

ठिपका आला, पण चुकीच्या जागी? तो कसा चुकतोय ते पाहा. इकडेतिकडे उड्या मारत असेल तर सिग्नल कमजोर आहे किंवा उंच भिंतींवरून परावर्तित होतोय. नेहमी एकाच दिशेला तेवढाच सरकलेला असेल तर नकाशाचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, वेगळा आहे: रिसीव्हर डब्ल्यूजीएस ८४ या डेटममध्ये बोलतो, जुना स्कॅन केलेला नकाशा बहुधा नाही. आणि चूक कित्येक किलोमीटरची असेल तर अक्षांश कसा वाचलाय ते तपासा. एनएमईए ओळीतलं ४५३०.०००० म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं, दशांशात ४५.५. ते कुणी ४५.३० म्हणून भरलं की ठिपका तब्बल २२ किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसतो.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर रिसीव्हर गायब होत असेल तर पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. आणि तो दर वेळी त्याच खाचेत लावा, कारण खाच बदलली की पोर्टचा क्रमांकही बदलू शकतो आणि प्रोग्राम जुन्याच क्रमांकावर वाट पाहत बसतो.