पीएलएचं मोल्डिंग : पीपीच्या सवयी सोडा, या चुका टाळा

जुलैतली दुपार होती. पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, या प्लास्टिकच्या कंपोस्टेबल (खतात कुजणाऱ्या) चमच्यांचा साचा चालू होता, शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) पूर्ण भरत होते, चमचा काचेसारखा स्वच्छ निघत होता. एक उचलला, मानेजवळ जरासा वाकवला आणि तो कट्‌कन तुटला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. ऑपरेटरने आधी बॅरलचं, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळकांड्याचं, तापमान दहा अंशांनी वाढवलं. मग कडेने फ्लॅश (साच्याच्या फटीतून निघणारा पातळ पापुद्रा) यायला लागली म्हणून प्रेशर उतरवलं. शेवटी साचा खाली घेऊन गेट, म्हणजे माल साच्यात शिरायची वाट, तपासला. गेटमध्ये काही नव्हतं. दोष मशीनशेजारी, रात्रपाळीपासून तोंड उघडं असलेल्या पोत्यात होता. त्यातला प्लास्टिकचा दाणा डबा भरभरून थेट हॉपरमध्ये, मशीनवरच्या नरसाळ्यात, जात होता.

कंपोस्टेबल चमचे, काटे, झाकणं बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांत आधी पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी चालत असे. मशीन तीच, माणसं तीच, त्यामुळे सवयीही त्याच राहतात. पीएलए मात्र पॉलिएस्टरच्या घराण्यातलं आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या दहातल्या आठ तक्रारींचं मूळ एवढ्या एका फरकात सापडलं आहे.

ओल : सगळ्यात महाग पडणारी चूक

पीपीला पाण्याशी काही देणंघेणं नाही. पोतं फोडा, ओता, चालवा. पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळीतला प्रत्येक दुवा एस्टरचा असतो आणि वितळलेल्या अवस्थेत पाणी तो दुवा तोडतं. साखळी आखूड झाली की दोन गोष्टी एकदम होतात. माल पातळ होतो, म्हणून नोझलमधून, म्हणजे बॅरलच्या तोंडातून, गळतो आणि कडेने फ्लॅश येते. आणि निघालेला तुकडा ठिसूळ होतो. फ्लॅश आणि ठिसूळपणा एकाच वेळी दिसले, तर साच्याला हात लावण्याआधी ड्रायरकडे जा.

किती ओल चालते? साधारण २५० पीपीएमच्या आत. म्हणजे एक किलो दाण्यात पाव ग्रॅम. २५ किलोच्या पोत्यात सव्वासहा ग्रॅम, चहाचा जेमतेम सव्वा चमचा पाणी. एवढ्यावर सगळं अवलंबून असल्यामुळे साध्या हॉट एअर ड्रायरवर भरवसा ठेवू नका. तो शेडमधलीच हवा ओढतो आणि गरम करून दाण्यावर सोडतो. वसई असो की चाकण, पावसाळ्यात ती हवाच ओलीचिंब असते. इथे डीह्युमिडिफाइंग ड्रायरच लागतो, हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास ठेवणारा. नव्या, स्फटिकी (साखळ्या शिस्तीत रचलेल्या) दाण्याला ८० अंशांवर सुमारे चार तास पुरतात. तुमच्या ग्रेडचा नेमका आकडा डेटाशीटमध्ये असतो, तो कागद ड्रायरवर चिकटवून ठेवा. वाळवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये पडून राहिला तर तो परत ओल धरतो. म्हणून हॉपर लहान हवा, झाकण बंद हवं आणि उरलेलं पोतं फॉइलच्या अस्तरासकट सील व्हायला हवं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये ओल असली की तुकड्यावर चंदेरी रेघा उठतात, म्हणून रेघा नाहीत म्हणजे माल कोरडा असं लोक धरून चालतात. पीएलएमध्ये थोडी ओल असली तर ती साखळी तोडण्यातच खर्च होते, पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. तो जुलैतला चमचा दिसायला निर्दोष होता. खात्री हवी असेल तर दाण्याचा आणि मोल्ड केलेल्या तुकड्याचा मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) एकाच तापमानाला काढा. तुकड्याचा आकडा दीडपट-दुपटीवर गेला असेल, तर वाटेत कुठेतरी साखळी तुटली आहे.

ड्रायरमध्ये रिग्राइंडची लादी

रनर आणि स्प्रू, म्हणजे साच्यात माल नेणाऱ्या वाटांत घट्ट झालेले तुकडे, थंड साच्यातून झटकन गार होऊन निघतात, त्यामुळे ते काचेसारखे अस्फटिकी राहतात. असा माल ५५ ते ६० अंशांना मऊ पडतो. तो दळून, म्हणजे रिग्राइंड करून, नव्या दाण्यात मिसळला आणि ड्रायर ८० वर लावला, की सकाळी हॉपरमध्ये दाणे नसतात, एकसंध लादी असते. रिग्राइंड आधी ढवळत-ढवळत तापवून स्फटिकी करून घ्या. ती सोय नसेल तर वेगळं, ४५ ते ५० अंशांवर, जास्त वेळ वाळवा. प्रमाणही हात राखून ठेवा. मी २० टक्क्यांच्या वर जात नाही, कारण प्रत्येक फेरीत साखळी थोडी आखूड होतेच.

लादी झाली की पुढची चूक जिवावर बेतू शकते. बॅरलमधला स्क्रू फिरत असताना वरून सळई घालून गोळा फोडायला जाऊ नका. सळई स्क्रूत अडकली की हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. मशीन बंद करा, मेन स्विचला कुलूप लावा आणि मगच हॉपर उतरवा.

तापमान वाढवून प्रश्न सुटत नाही

तुकडा भरत नाही, तुटतो, चमक नाही, काहीही झालं तरी पहिला हात तापमानाच्या बटणावर जातो. पीएलएसाठी वितळलेल्या मालाचं तापमान साधारण १९० ते २१० अंश पुरतं. २३०-२४० च्या पुढे माल विघटित व्हायला लागतो आणि लॅक्टाइड या पीएलएच्याच घटकाच्या वाफा सुटतात. नीट चालणाऱ्या मालाला मंद गोडसर वास असतो. तो उग्र झाला, डोळे चुरचुरायला लागले, की तापमान जास्त आहे किंवा माल आत फार वेळ थांबतो आहे. नोझलवर एक्झॉस्ट हवाच. मक्याच्या-उसाच्या साखरेपासून बनलेला माल असल्यामुळे धूर निरुपद्रवी असतो, असं कुणी म्हणालं तर त्याला मशीनसमोर पाच मिनिटं उभं करा.

स्क्रीनवरच्या तापमानाइतकाच बॅरलमधला मुक्काम महत्त्वाचा. हिशोब सोपा आहे. बॅरलमध्ये २०० ग्रॅम माल मावतो, शॉट २० ग्रॅमचा, सायकल (एक शॉट भरून तुकडा निघेपर्यंतचा वेळ) ३० सेकंदांची. म्हणजे दाण्याला बाहेर पडायला दहा सायकली, पाच मिनिटं. त्याच मशीनवर १० ग्रॅमचा शॉट लावला तर दहा मिनिटं. ‘मोठी मशीन रिकामी होती म्हणून लावला साचा’ या वाक्यात कितीतरी भंगार दडलेलं असतं. हा माल पीपीपेक्षा बराच महाग असतो, त्यामुळे ते भंगार फार बोचतं.

जेवणाची सुट्टी झाली तरी बॅरल तापलेलं आणि भरलेलं सोडू नका. थोडा वेळ थांबायचं असेल तर तापमान उतरवा. जास्त वेळ असेल तर पीपी किंवा एलडीपीई (एक प्रकारचं पॉलिथिलीन, म्हणजे पीई) घालून पीएलए पूर्ण बाहेर काढा. माल बदलतानाही मध्ये हाच टप्पा ठेवा. आधी नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेट चालवलं असेल तर बॅरल पीएलएला झेपणार नाही इतकं तापलेलं असतं. आणि पीव्हीसी व अ‍ॅसिटल या दोन प्लास्टिकचे अवशेष एकमेकांशी गाठ पडतील अशी वेळ कोणत्याही मशीनवर येऊ देऊ नका. त्यातून फॉर्मल्डिहाइडचा वायू आणि दाब झपाट्याने वाढतो.

पर्जिंग करताना

पर्जिंग, म्हणजे बॅरलमधला माल बाहेर काढणं, चालू असताना नोझल तुंबलं की आत वायू साठतो आणि सुटला की वितळलेला माल पिचकारीसारखा उडतो. म्हणून गार्ड लावलेला असावा, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, हातात चामड्याचे मोजे, बाह्या खाली. नोझलमध्ये डोकावून पाहण्याची सवय तर आजच सोडा. बाहेर पडलेला लोंदा वरून गार दिसला तरी आतून बराच वेळ धगधगीत असतो. तो चपटा करून पत्र्याच्या ट्रेमध्ये पाण्यात सोडा. अंगावर माल पडलाच, तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली धरा आणि चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढू नका, कातडी सोबत येते. ते डॉक्टरांवर सोडा.

जमिनीवर सांडलेले दाणे तेव्हाच्या तेव्हा झाडा. बूट घसरून पडलेली माणसं मी भाजलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

साच्याचं तापमान : मधलं काही नको

पीएलएला साचा एकतर थंड हवा, २५-३० अंशांचा, नाहीतर चांगला तापलेला, १०० ते ११० चा. ६०-८० अंशांवर तुकडा ना धड घट्ट होतो ना लवकर स्फटिकी. तो साच्याला चिकटतो आणि तुकडा बाहेर ढकलणारी इजेक्टर पिन त्यात रुतते. थंड साच्यातला चमचा पारदर्शक निघतो, पण ५५-६० अंशांना मऊ पडतो, गरम चहात घातला तर मान टाकतो. गरम पदार्थासाठी टाल्कसारखा न्यूक्लिएटिंग (स्फटिक लवकर बनवणारा) घटक असलेली ग्रेड आणि गरम साचा, दोन्ही लागतात. सायकल वाढते, ती किमतीत आधीच धरा. साधे चमचे मे महिन्यात बंद ट्रकमधून नागपूरला पाठवले तर पेट्या उघडताना वाकडे निघू शकतात. गिऱ्हाईक दोष मोल्डरलाच देणार.

पीपीचा जुना साचा तसाच वापरण्याचाही मोह होतो. पीपी गार होताना एक ते दोन टक्के आकसतं आणि कॅव्हिटीतून, म्हणजे साच्याच्या पोकळीतून, आपोआप सुटतं. अस्फटिकी पीएलए जेमतेम ०.३ ते ०.५ टक्के आकसतं. ड्राफ्ट, म्हणजे पोकळीच्या भिंतींचा उतार, कमी असेल तर तुकडा कॅव्हिटीतच बसून राहतो, शिवाय मापंही बदलतात.

चमचा उत्तम, पण कंपोस्टेबल नाही

या चुका मशीनवर दिसत नाहीत. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकचे चमचे, काटे, प्लेट यांच्यावर बंदी आली आणि कंपोस्टेबल मालाला सूट मिळाली. पण त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि माल आयएस/आयएसओ १७०८८ ला उतरावा लागतो. ती चाचणी औद्योगिक कंपोस्टच्या सुमारे ५८ अंशांच्या उष्णतेत होते. घरामागच्या खड्ड्यात पीएलएचा चमचा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला ‘मातीत टाका, विरघळेल’ असं सांगू नका.

प्रमाणपत्र हातात असूनही माल नापास होतो, तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं कारण रंग. हिरव्या चमच्याची ऑर्डर आली आणि गोदामातला पीईवर बनलेला मास्टरबॅच (रंगाचा दाणा) घातला, की ती रेसिपी प्रमाणित राहत नाही. वाहक पीएलएचाच, आणि कंपोस्टेबल मालासाठी तपासलेला मास्टरबॅच मागवा. त्याच ग्राइंडरवर पीपी दळलं जात असेल तर पाती आणि जाळी साफ केल्याशिवाय पीएलए त्यात घालू नका.

दुसरं कारण जाडी. प्रमाणपत्र ज्या जास्तीत जास्त जाडीवर चाचणी झाली तिथपर्यंतच लागू असतं. चमच्याच्या मानेला बळकटी यावी म्हणून तिथे जाड रिब दिली आणि ती त्या आकड्याच्या पुढे गेली, तर दाणा प्रमाणित असूनही चमचा प्रमाणित ठरत नाही. साच्याचं ड्रॉइंग मंजूर करताना तो आकडा टूलमेकरच्या, म्हणजे साचा बनवणाऱ्याच्या, समोर ठेवा. पोलाद कापून झाल्यावर तो बदलायला फार पैसे पडतात.