चूक आपलीच असेल, तर क्लेम करावा का?

मुंबई नाक्यावर दुभाजकाला गाडी घासली, तर विम्याचा क्लेम करण्याआधी गॅरेजमधून खर्चाचा अंदाज घ्या. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मिळून तुम्ही ५,००० भरता. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा ५० टक्क्यांवर पोचेपर्यंत जवळपास १२,५०० रुपये जादा जातात! म्हणून ८-९ हजारांचं डेंटिंग-पेंटिंग खिशातूनच करा. बोनस प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलं असेल, तर त्याच्या अटी वाचा.

मात्र कुणाला लागलं असेल, तर आधी दवाखाना. पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवा. तिथे आपसात मिटवायचं नाही.