मागे आई, पुढे घाट: एकच स्कूटर निवडायची तर

स्कूटर घ्यायची म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: १२५ सीसीची घेऊ की १६० सीसीची? मी सांगते, तो सगळ्यात शेवटी ठेवा. आधी ठरवा मागे कोण बसणार आहे. मी भांडुपला राहते, नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये. आठवडाभर जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, शनिवारी आईला मागे बसवून मुलुंडला डॉक्टरकडे, आणि सुट्ट्या जोडून आल्या की नवरा-बायको दोघं डबल सीट महाडजवळच्या आमच्या गावी. घरात गाडी एकच, आणि पार्किंगही एका गाडीपुरतंच. त्यामुळे शहराला एक आणि घाटाला एक अशी चैन आमच्यासारख्यांना नाही, दोन्हीकडे धकेल अशीच बघायची.

आधी वेगाचा विषय मिटवू. मुंबईत वेगाने जायचे म्हणून जे रस्ते बांधले ते दुचाकीला बंद आहेत. सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद, अटल सेतू बंद. शहराबाहेर पडलात तर पुण्याचा एक्सप्रेसवेही बंद, आपण जायचं जुन्या हायवेने. राहिला ईस्टर्न नाहीतर वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, तिथे गर्दीच्या वेळी काय वेग मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून ‘टॉप स्पीड किती’ हा आकडा खुशाल सोडून द्या. खरा उपयोग पिकअपचा. सिग्नल सुटल्यावर बस आणि डंपरच्या मधून पुढे निघता आलं पाहिजे, फ्लायओव्हर डबल सीट चढताना गाडी मलूल व्हायला नको. आजच्या चांगल्या १२५ एवढं आरामात करतात. ११० मात्र डबल सीटला घाटात दमते, गावी जायचं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आता चाकं. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, आणि शोरूममध्ये याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. बऱ्याच घरगुती १२५ गाड्यांना, म्हणजे ॲक्सेस १२५ किंवा ॲक्टिव्हा १२५ ला, पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची असतं. चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं आणि बाहेर येताना तितका जोरात दणका देतं. तो दणका बसतो मागच्याच्या कंबरेला, कारण मागे बसणारा जवळजवळ त्याच चाकावर बसलेला असतो. जेव्हीएलआरवर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक निखळून चौकोनी खाचा पडतात. अशा खाचेत १० इंची चाक अख्खं बसतं, १४ इंची वरच्या वर निघून जातं. शिवाय लहान चाक तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं, म्हणून टायर लवकर झिजतो. एनटॉर्क १२५ ला दोन्ही चाकं १२ इंची आहेत. बर्गमन स्ट्रीटचं ईएक्स मॉडेल आलं तेव्हा त्यातही मागे १२ इंची दिलं, साध्या बर्गमनला १० आहे. एरॉक्स १५५ आणि झूम १६० ला दोन्हीकडे १४.

मग सरळ १४ इंचीच का घेऊ नये? इथे आई येते. एरॉक्सची मागची सीट पायरीसारखी उंच आहे आणि मधोमध कणा असल्याने पाय ठेवायला सपाट जागा नाही. माझी आई साडी नेसते, एका बाजूला बसते, गुडघे दुखतात. तिला तिथे चढवायचं म्हणजे प्रत्येक वेळी फूटपाथची कड शोधायची. पायाखाली सपाट जागा किती लागते हे ती नसलेली गाडी घेतल्यावर कळतं: भाजीची पिशवी, बाजारातली दहा किलोची कणीक, मे महिन्यात गावाहून येताना आंब्याची पेटी. पेटी दोन पायांच्या मध्ये आडवी ठेवायची, हुकातून दोरी काढून सीटखाली एक फेरा मारायचा, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. पेटीचा कोपरा कुठे अडत असेल तर ती उभी करायची. हे बघितल्याशिवाय निघू नका, नाक्यावर वळताना हँडल अडकलं तर गाडी सरळ जाते.

वजनाचंही तेच. ॲक्सेस १०५ किलोच्या आसपास, एरॉक्स १२६, झूम १६० तर १४० च्या घरात. रस्त्यावर जड गाडी छान वाटते, विशेषतः पेण-वडखळच्या पुढे बाजूने ट्रेलर जातो आणि वाऱ्याचा धक्का बसतो तेव्हा. पण सोसायटीत दोन गाड्यांच्या फटीतून तीच गाडी मागे ओढायची असते, आणि तेही उतारावरून. माझी उंची पाच फूट दोन इंच. दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला नीट टेकले पाहिजेत, अशी माझी अट आहे. सीटची उंची कागदावर ७७० की ७९० मिलिमीटर हे वाचून काही समजत नाही, कारण सीट रुंद असली की पाय फाकतात आणि जमीन लांब जाते. बसूनच बघायचं, आणि रोज ज्या चपला घालता त्या घालून.

पेट्रोलच्या टाकीकडे लोक दुर्लक्ष करतात. बहुतेक स्कूटरना पाच-साडेपाच लीटरची टाकी असते. १२५ ने हायवेला पंचेचाळीसचं ॲव्हरेज दिलं तर सव्वादोनशे किलोमीटर, त्यातलं शेवटचं लीटर हिशेबात धरू नका. भांडुपहून महाडला मध्ये एकदा भरून घ्यायचं, माणगावला तसंही चहाला थांबतोच. पेट्रोल भरायचं झाकण कुठे आहे तेही बघा. प्रवासात मागे बॅग बांधलेली असते, आणि पंपावर सीट उघडावी लागली तर सगळं सामान सोडून परत बांधायचं. ज्युपिटर १२५ ला झाकण पुढच्या बाजूला आहे आणि टाकी पायाखाली, म्हणून सीटखालची डिकीही मोठी, ३३ लीटरची. लांबच्या प्रवासाला ही सोय फार मोलाची आहे.

ब्रेकबद्दल एप्रिल २०१९ मध्ये लागू झालेला नियम असा होता की १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागायची; १२५ पर्यंत सीबीएस चालायचा, म्हणजे एक दाबला की दुसराही थोडा लागतो.  ओल्या रस्त्यावर एबीएसचा फरक खरोखर जाणवतो, १६० घेण्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात चांगलं कारण तेच. १२५ घेत असाल तर निदान पुढे डिस्क असलेलंच मॉडेल घ्या. ड्रम ब्रेकवालं घेऊन जे काही हजार शिल्लक राहतात, त्यांच्यासाठी घाटात जीव टांगणीला लावू नका.

कारण स्कूटरचा खरा कस चढात नाही, उतारात लागतो. जुन्या पुणे हायवेच्या बोरघाटात, खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे डबल सीट चढताना १२५ चाळीसच्या खाली येते, पण चढते. डावी बाजू धरा, घाई करू नका. उतरताना मात्र गिअर नाहीत, मोटरसायकलसारखं खालच्या गिअरवर टाकून गाडी रोखता येत नाही. जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. सतत हलके दाबून ठेवले तर ते तापतात आणि मग दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, घट्ट दाबायचे, वेग उतरला की पूर्ण सोडायचे, परत दाबायचे. लिव्हर नेहमीपेक्षा आत जायला लागला किंवा जळका वास आला तर जागा बघून थांबा आणि पंधरा मिनिटं गाडी गार होऊ द्या. इंजिन बंद करून उतरणारे दिसतात, तसं कधीही करू नका.

तर निवड अशी करा. मागे वयस्कर माणूस बसतं आणि सामान असतं, बाहेरगावी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाता: १२५, पुढे डिस्क, सपाट पायठेवणी, आणि जमलं तर दोन्ही चाकं १२ इंची. एकटे किंवा तरुण जोडीदारासोबत दर शनिवार-रविवारी माळशेज, ताम्हिणी, कशेडी करता, उंची आहे, पार्किंग मोकळं आहे: १५५-१६० घ्या, पैसे वसूल होतील. अलिबागपुरतंच जाणार असाल तर मोठ्या गाडीची गरजच नाही, भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीत स्कूटर चढवा आणि मांडव्याला उतरा.

टेस्ट राइडला एकट्याने जाऊ नका. जो मागे बसणार त्याला सोबत न्या, दोघांनी दोन हेल्मेट घाला. शोरूमवाला गल्लीतून एक चक्कर मारून आणा म्हणेल. त्याला विनंती करून जवळच्या फ्लायओव्हरवर न्या, चढावर मुद्दाम वेग कमी करून परत रेस द्या, आणि एक खराब रस्ता शोधून त्यावरून हळू न्या. परत आल्यावर मागच्याला विचारा, कंबर कुठे दुखली. मग डबल स्टँड तुम्ही स्वतः लावून बघा, शोरूमच्या पोराला लावू देऊ नका.

जुनी गाडी घेत असाल तर घाटात नेण्याआधी मेकॅनिककडून बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा पट्टा, उघडून बघून घ्या. स्कूटरचा बेल्ट साधारण वीस-चोवीस हजार किलोमीटरला बदलायचा असतो, आणि तुटला की गाडी जागेवर उभी राहते, मग ढकलायलाही कोणी नसतं. कडांना तडे दिसले किंवा उठताना गाडी थरथरत असेल तर बेल्ट आणि त्याच्यासोबतचे रोलर एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते.