फिरत्या दिव्याची मोटर बदलताय? या चुका टाळा

“दिवा पेटतोय, पण फिरंना झालाय बघा,” असं सांगत चालक रुग्णवाहिका गॅरेजला लावतो आणि कारागीर टपाकडे बघूनच म्हणतो, मोटर गेली. पहिली चूक इथंच होते, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडते तीच. मूळ दोष तसाच राहिला तर नवी मोटरही त्याच वाटेनं जाते. तोवर ती गाडी सोलापुरात सात रस्ता चौकाच्या गर्दीत पेशंट घेऊन, न फिरणाऱ्या दिव्यानं वाट मागत असते.

आधी मोटर सोडवा आणि फ्यूज असलेल्या वायरीनं थेट बॅटरीवर चालवून बघा. एकसारखी फिरली तर दोष बाहेर आहे, आणि बहुधा तो अर्थिंगमध्ये सापडतो. दिव्याचा निगेटिव्ह टपावरच्या बोल्टमधून घेतलेला असतो आणि बोल्टखाली रंग नाहीतर गंज असतो. व्होल्टेज मोजतानाही फसगत होते. बल्ब काढून मोजलं तर मल्टीमीटर पूर्ण १२ दाखवतो. म्हणून बल्ब चालू ठेवून, होल्डरच्या टोकांवरच मोजा. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो; जोड खराब असेल तर तेवढ्या भारानं व्होल्टेज खाली येतं आणि मोटर अडखळते. बल्ब लालसर, मंद दिसत असेल तर संशय बळावतो. बोल्टखालची जागा पत्रा दिसेपर्यंत घासा, किंवा बॅटरीपर्यंत स्वतंत्र निगेटिव्ह वायर ओढा. मला दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

मोटर खरंच गेली असेल तर फक्त शाफ्टची जाडी जुळली म्हणून कुठलीही घेऊ नका. रुग्णवाहिका बहुधा १२ व्होल्टवर चालते, अग्निशमनाचा मोठा बंब २४ वर. त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते वेगाकडे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाच्या (ECE) नियम ६५ प्रमाणे अशा दिव्याचे झोत सेकंदाला २ ते ४ पडायला हवेत. म्हणजे एकच रिफ्लेक्टर (बल्बभोवती फिरणारा आरसा) असेल तर मिनिटाला १२० ते २४० फेरे. दोन बाजूंचा असेल तर त्याच्या निम्मे. फार वेगानं फिरला तर उघडझाप जाणवतच नाही, नुसता उजेड दिसतो, आणि पुढचा ट्रकवाला बाजूला होत नाही.

जुन्या मोटरच्या टोकांवर छोटा कपॅसिटर असतो. तो मोटरबरोबर भंगारात जातो आणि मग गाडीतला वायरलेस खरखरतो. तो काढून नव्या मोटरला लावा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडले तरी दिवा फिरतोच, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण वर्म गिअरमध्ये (शाफ्टवरच्या स्क्रूसारख्या आट्यांनी चाक फिरवणाऱ्या गिअरमध्ये) दिशा उलटली की आर्मेचरवरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचा, रेटा दुसऱ्या टोकाला जातो. तिथं तो झेलायची सोय नसेल तर मोटर लवकर झिजते.

गिअर मोकळा आहे का बघायला रिफ्लेक्टर हातानं फिरवायची सवय फार वाईट. वर्म गिअर सहसा त्या बाजूनं फिरत नाही. जोर लावला की प्लॅस्टिकचे दाते मोडतात. मोटरच्या शाफ्टकडून फिरवा. दाते घट्ट दाबून बसवू नका, किंचित हालचाल राहू द्या.

ग्रीसबाबत हात आखडताच ठेवा. उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात तापलेला टप आणि डोमच्या, म्हणजे दिव्यावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या, आत हॅलोजन. चाकांचं ग्रीस तिथं पातळ होऊन रिफ्लेक्टरवर ओघळतं आणि धूळ धरून ठेवतं. प्लॅस्टिक गिअरला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही दात्यांवर पुसटसं, पुरे. रबराच्या पट्ट्यावर चालणारा दिवा असेल तर पट्ट्याला तेल-ग्रीस अजिबात लागू देऊ नका. उजेड वाढवायला १०० वॅटचा बल्बही नको, आणि हॅलोजनच्या काचेला बोटं लावू नका.

डोम बसवताना खालचं पाणी जायचं भोक सीलंटनं बुजवू नका. आत वाफ साठून बेअरिंग गंजतं.

चाचणी डोम लावून, इंजिन चालू ठेवून, शक्यतो दुपारच्या उन्हात अर्धा तास घ्या. सायरनही सोबत वाजवा. मध्येच मोटर थांबली तर बल्ब लगेच बंद करा, कारण थांबलेला रिफ्लेक्टर सगळी उष्णता डोमच्या एकाच जागी टाकतो आणि तिथलं प्लॅस्टिक वितळू शकतं.