असोसिएशनचा ग्रुप मेडिक्लेम घेताय? इंदूरकरांनो, या चुका टाळा

सीए, वकील, आर्किटेक्ट, केमिस्ट, टॅक्सवाले, इंदूरात ज्याच्या त्याच्या असोसिएशनचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि त्यावर वर्षातून एकदा तो मेसेज येतोच. "सदस्यांसाठी खुशखबर! फक्त इतक्या रुपयांत पूर्ण परिवाराचा मेडिक्लेम, नो मेडिकल, जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, शेवटची तारीख अमुक." खाली अंगठ्यांची आणि हात जोडलेल्यांची रांग. मग सहा-आठ महिन्यांनी त्याच ग्रुपवर रात्री साडेअकराला कुणीतरी लिहितो, "भिया, टीपीए में किसी की पहचान है क्या?" आणि तेव्हा एकही अंगठा येत नाही. (टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद बघणारी एजन्सी.)

स्कीम वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. ज्यांना शुगर-बीपी आहे, बायपास झालेली आहे, ज्यांना बाहेर कुणी पॉलिसी द्यायला तयार नाही, त्यांच्यासाठी हा ग्रुप मेडिक्लेम म्हणजे मोठा आधार आहे. पण बहुतेक भांडणं एकाच गैरसमजातून होतात, की मी पैसे भरले म्हणजे पॉलिसी माझी. तुमची नसते हो ती. मास्टर पॉलिसी असोसिएशनच्या नावावर असते, करार असोसिएशन आणि कंपनीमध्ये, तुम्ही त्या यादीतलं एक नाव. अटी ठरवताना तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं, पुढच्या वर्षी अटी बदलताना पण विचारणार नाहीत, आणि मेंबरशिपची फी थकली किंवा मेंबरशिप गेली की कव्हर पण जाऊ शकतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या चुका आपोआप दिसायला लागतात.

मेसेज वाचून पैसे भरणं

तो जो रंगीत जेपीजी येतो ना, फॅमिलीच्या हसऱ्या फोटोवाला, तो म्हणजे पॉलिसी नाही. क्लेमच्या वेळी चालतो तो पॉलिसीचा मजकूर आणि तुमच्या नावाचं सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स. दोन्ही मागून घ्या, सेक्रेटरी साहेब "अरे दादा, भरवसा ठेवा" म्हणाले तरी मागा. मास्टर पॉलिसीची पीडीएफ सगळ्या सदस्यांना पाठवायला असोसिएशनला एक मिनिट लागतं, जिथे टाळाटाळ होते तिथे मला तरी शंका येते. त्यात बघायचं काय? खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (म्हणजे क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा टक्का) किती, मोतीबिंदू-गुडघा-हर्निया यांना वेगळी लिमिट आहे का, आईवडिलांचा को-पे वेगळा आहे का, आणि किती वयापर्यंत कव्हर चालू राहणार. आपल्या लोकांसाठी आणखी एक, मुलं पुण्याला किंवा मुंबईला असतात आणि मोठं ऑपरेशन म्हटलं की आपण तिकडेच पळतो, तर मोठ्या शहरात ट्रीटमेंट घेतल्यावर काही कपात आहे का तेही बघून ठेवा, काही पॉलिसींमध्ये शहराप्रमाणे झोन असतात.

पैसे भरले, आता कव्हर सुरू

थांबा. इन्शुरन्स ॲक्ट १९३८ चं कलम ६४-व्हीबी सांगतं की प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय कंपनीवर रिस्क येत नाही. तुम्ही भरलेत असोसिएशनच्या खात्यात. तिथे लोकांचे पैसे जमा होणार, कुणाचा चेक परत येणार, कुणाचा फॉर्म अर्धवट, मग कोषाध्यक्ष एकत्र रक्कम कंपनीला देणार, मग पॉलिसी निघणार. जुनी पॉलिसी संपून नवी निघेपर्यंत मधे आठ-दहा दिवस रिकामे गेले आणि त्यातच कुणी ॲडमिट झालं तर बोंबलायचं कुणाच्या नावाने? म्हणून पैसे भरल्याची पावती नाही, सर्टिफिकेटवरची "पासून-पर्यंत" तारीख बघायची आणि ती जुन्या तारखेला चिकटून आहे ना तेवढं तपासायचं.

पावतीवरून आठवलं, ८०डी, म्हणजे हेल्थ प्रीमियमवरची इन्कम टॅक्स वजावट. प्रीमियम तुमच्या खिशातून गेलाय म्हणजे जुन्या टॅक्स रिजीममध्ये वजावट मिळते, २५,००० पर्यंत आणि सीनियर सिटीझनसाठी ५०,००० पर्यंत, पण रोख भरलेलं चालत नाही, आणि असोसिएशनने मेंबरशिप फी, वेल्फेअर फंड आणि प्रीमियम सगळं एकाच रकमेत पावती करून दिलं असेल तर प्रीमियमचा आकडा वेगळा लिहून घ्या. नव्या रिजीमवाल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

एक्सेल शीटवर विश्वास ठेवणं

हे वाचून हसाल, पण कॅशलेस अडकण्याचं हे एक फार कॉमन कारण आहे. सदस्यांची यादी असोसिएशनच्या ऑफिसातला कुणी पोरगा एक्सेलमध्ये टाइप करतो, ती शीट कंपनीला जाते, कंपनीकडून टीपीएला. आता आपल्या मराठी घरांचा घोळ बघा. काकूंच्या आधारवर नुसतं नाव-आडनाव आहे, कारण एमपीत मधलं नाव लिहायची पद्धतच नाही, शाळेच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव मधे आहे, लग्नानंतर बँकेत नवऱ्याचं नाव मधे आलं, आणि शीटमध्ये काकांनी फॉर्मवर लिहिलं ते घरातलं नाव. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं. वर जन्मतारीख, ४ जुलै होती ती एक्सेलने उलटी करून ७ एप्रिल केली. हॉस्पिटलच्या डेस्कवरची मुलगी आधार आणि ई-कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघते आणि म्हणते, "अंकल, ये तो अलग पेशंट दिखा रहा है." आणि हे नेमकं रविवारी घडतं, असोसिएशनचं ऑफिस बंद.

इलाज सोपा आहे. ई-कार्ड आल्या दिवशीच घरातल्या प्रत्येकाचं नाव, तारीख, नातं आधारशी जुळवून बघा, चूक असेल तर लगेच असोसिएशनला मेल करून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी दुरुस्ती, करून घ्या. फोनवर नाही, मेलच. नवीन सून आली, बाळ झालं तरी तसंच. नाव मधेच घालायला मुदत असते, ती गेली की पुढच्या रिन्यूअलपर्यंत बसा.

खोली घेताना "वरचे पैसे मी भरीन" म्हणणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो म्हणून जरा आकडे मांडून सांगतो. समजा कव्हर ३ लाखांचं, खोलीभाडं रोज कव्हरच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. पेशंटला ठेवलं ६,००० च्या खोलीत, ४ दिवस. घरच्यांचा हिशोब असा की वरचे रोजचे ३,००० आपले, चार दिवसांचे १२,००० गेले, ठीक आहे, माणसापेक्षा पैसा मोठा आहे का.

पण कंपनी तसा हिशोब करत नाही. तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली म्हणजे हक्क निम्मा, आणि तो निम्मा नियम खोलीला तर लागतोच पण सर्जनची फी, ओटी, भूल, नर्सिंग, व्हिजिट यांनाही लागतो, कारण बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत हे चार्ज खोलीच्या क्लासप्रमाणे वाढतात. बिल समजा १,८०,००० चं. त्यात खोली २४,०००, सर्जन-ओटी वगैरे ८६,०००, औषधं-इम्प्लांट-तपासण्या ७०,०००. खोलीचे मिळाले १२,०००, सर्जन वगैरेचे ४३,०००, औषधं-तपासण्यांचे पूर्ण ७०,०००. झाले १,२५,०००. त्यावर १० टक्के को-पे असेल तर हातात १,१२,५००. म्हणजे १२,००० जातील म्हणून खिसा तयार ठेवला होता आणि गेले साडेसदुसष्ट हजार. वर ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन, फाइल चार्ज असलं किरकोळ न मिळणारं वेगळंच.

आता यातली कामाची गोष्ट. औषधं आणि कन्झ्युमेबल, इम्प्लांट आणि उपकरणं, तपासण्या, यांच्यावर ही प्रमाणात कपात लावता येत नाही, आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे रेट बदलतच नाहीत तिथेही लावता येत नाही. तरी सेटलमेंट लेटरमध्ये सरसकट पूर्ण बिलावर ५० टक्के मारलेले दिसतात कधीकधी, आणि लोक "चला, काहीतरी तर मिळालं" म्हणून गप्प बसतात. बसू नका. कपातीचा लाइनवार तक्ता मागा आणि या तीन हेडवर कात्री लागली असेल तर परत लिहा.

आणि ॲडमिशनच्या वेळीच डेस्कवर विचारा, "आमच्या पॉलिसीत कोणती खोली बसते?" यात लाज कसली.

याच्या भरवशावर स्वतःची पॉलिसी बंद करणं

ही चूक मला सगळ्यात महागडी वाटते, कारण ती पाच-सात वर्षांनी कळते. ग्रुपचा प्रीमियम स्वस्त दिसतो म्हणून लोक दहा वर्षं जुनी घरची पॉलिसी सोडतात. मग होतं काय, नो मेडिकल असल्यामुळे आजारी माणसं ग्रुपमध्ये जास्त येतात, त्यांचा काही दोष नाही, पण क्लेम वाढतात. कंपनी बघते की १ कोटी प्रीमियम आला आणि १ कोटी ३० लाख क्लेम गेले, पुढच्या वर्षी रेट वाढवते, को-पे घालते, आईवडिलांना काढायची भाषा करते. रेट वाढला की तरुण आणि धडधाकट मेंबर बाहेर पडतात. उरले कोण? मग त्याच्या पुढच्या वर्षी अजून रेट. शेवटी एखाद्या वर्षी असोसिएशन कंपनीच बदलते किंवा स्कीमच गुंडाळते, आणि तुम्ही तेव्हा ५८ वर्षांचे, शुगर लागलेली, नव्या पॉलिसीच्या दारात उभे. घरच्या पॉलिसीचं असं नसतं, फसवणूक केली नसेल आणि वेळेवर प्रीमियम भरत राहिलात तर क्लेम झाला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही.

प्रीमियमच्या तुलनेत पण आता फरक पडलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ग्रुपवर १८ टक्के तसाच आहे. २०,००० च्या ग्रुप प्रीमियमवर ३,६०० टॅक्स. तेव्हा जुना "ग्रुपच स्वस्त" हा हिशोब एकदा परत मांडा.

माझा सल्ला विचाराल तर घरची पॉलिसी छोटी का होईना चालू ठेवा, ग्रुपचं कव्हर त्याला जोड म्हणून घ्या. ज्यांची घरची बंद झालीच आहे त्यांच्यासाठी एक रस्ता आहे जो असोसिएशनवाले सहसा सांगत नाहीत. ग्रुपमधून बाहेर पडताना किंवा ग्रुप पॉलिसी बंद होताना त्याच कंपनीच्या इंडिव्हिज्युअल पॉलिसीत मायग्रेशन मागता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं क्रेडिट वेटिंग पिरियडमध्ये (म्हणजे जुन्या आजारांना कव्हर मिळेपर्यंत थांबायच्या काळात) मिळतं. कंपनी तब्येत तपासून निर्णय घेऊ शकते, त्यामुळे हमी नाही, पण अर्ज रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी गेला पाहिजे, शेवटच्या आठवड्यात कुणी दारात उभं करत नाही. यासाठी दर वर्षीची सर्टिफिकेटं जपून ठेवा, कारण सलग कव्हर होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. नवीन पॉलिसीत जुन्या आजाराचं वेटिंग एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आलंय, आधी ४८ होतं, म्हणून ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनी तर आजच सुरू करावं.

क्लेम अडकल्यावर अध्यक्षांना फोन करत बसणं

अध्यक्ष कंपनीवर दबाव आणू शकतात, हे खरं, आणि आणावा पण. पण घड्याळ तुमचं चालू असतं. कॅशलेसची विनंती गेली की पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचं अप्रूव्हल तीन तासांत यायला पाहिजे, हा २०२४ चा नियम आहे, आणि तीन तासांच्या वर उशीर होऊन हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. डिस्चार्जच्या दिवशी विनंती किती वाजता पाठवली ते डेस्कवरून लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. कधीकधी फाइल हॉस्पिटलमध्येच पडलेली असते आणि शिव्या कंपनी खाते, हेही होतं.

क्लेम नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागा. "नॉट पेएबल ॲज पर टर्म्स" याला उत्तर म्हणत नाहीत. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल, सोबत सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी, बिल, नकाराचं पत्र. टीपीएला नाही, कंपनीला, कारण नकाराचा निर्णय कंपनीचा असतो, टीपीए कागद हलवतो. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण टाकून ठेवा किंवा १५५२५५ वर फोन करा.

एक महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा लोकपाल. "ग्रुपवाल्यांना तिथे जाता येत नाही" असं बरेच जण छातीठोक सांगतात, ते चूक आहे, ग्रुप पॉलिसीतल्या तक्रारी पण तिथे घेतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं ऑफिस भोपाळला आहे, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, वकील मेंबरांनो माफ करा, तुमच्या स्वतःच्या क्लेमसाठी मात्र तुम्हीच बोलायचं. कंपनीचा शेवटचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं आणि रक्कम ५० लाखांपर्यंत चालते. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो. तक्रार कंपनीविरुद्ध लिहायची, असोसिएशनविरुद्ध नाही. असोसिएशनने प्रीमियम वेळेत भरला नाही किंवा तुमचं नावच यादीत टाकलं नाही असा मामला असेल तर तो वेगळा झगडा, त्याला ओम्बड्समन काही करू शकत नाही, तिथे पेमेंटचा पुरावा घेऊन ग्राहक आयोगाचा रस्ता बघावा लागतो.