इंग्लंडच्या खेड्यातल्या मिलर पूर्वजाचा माग कसा काढावा

आपल्या बारा बलुतेदारांत गिरणीवाला नाही, कारण दळण घरच्या जात्यावर व्हायचं. इंग्लंडच्या खेड्यात मात्र पाणचक्की किंवा पवनचक्की चालवणारा मिलर हा सुतार-लोहाराइतकाच नेहमीचा माणूस होता. सासरच्या नात्याने असो वा एखाद्या अँग्लो-इंडियन पणजोबांमुळे, एकोणिसाव्या शतकातल्या अशा घराण्याची वंशावळ लावायची वेळ आली तर घाबरू नका. कागद भरपूर आहेत आणि बरेचसे घरबसल्या दिसतात. पथ्य एकच: माणूस सापडेनासा झाला की चक्कीचा माग घ्या. जॉन स्मिथ शेकड्यांनी निघतील, पण ओढ्यावरची चक्की जागची हलत नाही.

आधी शब्द नीट समजून घ्या

कागदावर ‘कॉर्न मिलर’ दिसला की आपल्या डोळ्यांपुढे मका येतो. तिथे कॉर्न म्हणजे धान्य, बहुतेक वेळा गहू. नुसतं ‘मिल हँड’ असेल आणि गाव लँकेशायरचं असेल, तर तो सूतगिरणीचा कामगार. आपल्याकडे पिठाची ती गिरणी आणि परळची तीही गिरणी, तसाच हा घोळ. ‘मिलराइट’ दळत नाही, तो चक्कीची चाकं-दांडे बसवणारा कारागीर. ‘मास्टर मिलर’ धंद्याचा मालक, ‘जर्नीमन मिलर’ पगारी गडी. या शेवटच्या दोघांत गल्लत झाली की पुढचा सगळा शोध भरकटतो.

पायरी 1: जनगणना, मागून पुढे नव्हे, पुढून मागे

ज्याच्याबद्दल खात्री आहे त्या माणसापासून सुरुवात करा आणि 1911, 1901, 1891 असं दहा-दहा वर्षांनी मागे जा. नावनिशीवार नोंदी 1841 पासून मिळतात.

1841 ची नोंद सगळ्यात दगा देणारी. ती पेन्सिलीने लिहिलेली, त्यामुळे फिकट. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवायची सूचना होती, म्हणजे 38 चा माणूस 35 चा दिसतो (काही प्रगणकांनी ती सूचना पाळली नाही, ते वेगळंच). घरातल्यांचं आपसातलं नातं लिहिलेलं नाही आणि जन्मस्थळापुढे फक्त ‘याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) की नाही’ एवढंच. 1851 पासून नातं, विवाहित की नाही आणि जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावपरिसर, मिळू लागतो.

आता 1851 च्या एका पानाची कल्पना करा. घरचा कर्ता 44 वर्षांचा, ‘मिलर, एम्प्लॉइंग 2 मेन’. खाली बायको, मग 9, 6 आणि 2 वर्षांची मुलं. घाईत इथेच पान उलटलं जातं. उलटू नका. तिन्ही मुलांचा जन्म तीन वेगवेगळ्या पॅरिशमध्ये असेल, तर दहा वर्षांत या माणसाने निदान दोनदा चक्की बदलली. बरेच मिलर भाडेकरू असत. सात, चौदा किंवा एकवीस वर्षांचे करार होत आणि मुदत संपली की बिऱ्हाड हले. मुलांच्या जन्मगावांची यादी हीच त्याच्या चक्क्यांची यादी. त्याच घरात ‘लॉजर’ (भाड्याने राहणारा) म्हणून नोंदलेला तरुण मिलरही टिपून ठेवा. तो पुतण्या किंवा मेहुणा निघू शकतो.

पायरी 2: जन्म, लग्न, मृत्यू

सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. लग्नाचा दाखला सगळ्यात कामाचा, कारण त्यात दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. पण सासऱ्यांपुढे छाप पडावी म्हणून गड्याचा ‘मिलर’ आणि मिलरचा ‘जंटलमन’ होऊ शकतो. जनगणनेशी ताडून पाहा. जन्मनोंदणीत 1875 च्या आधी गळती आहे. तिथे नाही मिळालं तर चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी पाहा. 1813 पासून त्या छापील नमुन्यात असल्यामुळे बापाचा व्यवसाय हमखास मिळतो, त्याआधी तो नशिबाचा भाग. घराणं बाप्टिस्ट पंथाचं असेल तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माच नसतो, तेव्हा गावच्या चर्चमध्ये शोधत बसू नका.

कागद किती हुलकावणी देतात ते नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटनला दिसतं. तिथली विटांची पवनचक्की 1807 मध्ये एका बेकरने बांधली. त्याचा मुलगा जॉर्ज ग्रीन, म्हणजे ज्याच्या नावाचं प्रमेय अभियांत्रिकीच्या गणितात शिकवतात तोच. चक्कीच्या व्यवस्थापकाची मुलगी जेन स्मिथ हिच्यापासून त्याला सात मुलं झाली, लग्न मात्र कधीच झालं नाही. ग्रीन आडनावाने लग्न शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल. मुलांच्या नोंदी शोधायच्या त्या आईच्या आडनावाने. शिवाय तो वारला 31 मे 1841 ला आणि जनगणनेची रात्र होती 6 जूनची. एका आठवड्याने हुकला.

पायरी 3: चक्कीचे कागद

इथे खरा ऐवज आहे. 1836 च्या टाइद (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कायद्यानंतर गावोगाव जमिनीचे नकाशे आणि तक्ते झाले. तक्त्यात मालक वेगळा आणि वहिवाटदार वेगळा लिहिलेला असतो, त्यामुळे तुमचा मिलर चक्कीचा धनी होता की कूळ, हे एका ओळीत कळतं. क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये असतं. 4 रूडचा एकर आणि 40 पर्चचा रूड. आपल्या हिशोबात रूड म्हणजे 10 गुंठे, 4 पर्च म्हणजे 1 गुंठा. नकाशावरचा क्रमांक आणि तक्त्यातला क्रमांक जुळवला की घर, तळं, कुरण सगळं उलगडतं. ज्या गावांची सामाईक जमीन आधीच एन्क्लोजरमध्ये, म्हणजे कुंपणं घालून खासगी मालकांत, वाटली गेली, तिथे हा नकाशा बहुधा मिळत नाही.

मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे सहा इंची आणि पंचवीस इंची (मैलाला तितके इंच) नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा. एका आवृत्तीत ‘कॉर्न मिल’ आणि पुढच्या आवृत्तीत त्यापुढे ‘डिसयूज्ड’ असेल, तर चक्की कधी थांबली याचा अंदाज बांधता येतो. पिगॉट, व्हाइट आणि केली यांच्या व्यापारी सूच्यांत गावागणिक धंदेवाले असतात. त्यांत पगारी गडी सहसा नसतो, म्हणून नाव नसणं हीही माहितीच. चक्कीचं नाव हाती आलं की रेडिंगच्या मिल्स आर्काइव्हची सूची जरूर चाळा.

पायरी 4: दिवाळं, आग, मृत्युपत्र

स्थानिक वर्तमानपत्रांत चक्की भाड्याने देण्याच्या जाहिराती येत. ‘थ्री पेअर ऑफ स्टोन्स’ म्हणजे जात्याला असतात तशा वर-खाली दगडांच्या तीन जोड्या. ‘फ्रेंच’ दगड पांढऱ्या पिठाला, डर्बीशायरचे ‘पीक’ दगड जास्त करून जनावरांच्या भरड्याला. एवढ्यावरून गिऱ्हाईक कोण होतं ते कळतं. टाकी लावताना पोलादाचे कण हातात रुतत, चक्कीला आग लागे, चाकांच्या दात्यांत कपडे अडकून माणसं दगावत. या सगळ्याच्या बातम्या सापडतात. दिवाळखोरीसाठी लंडन गॅझेट पाहा, तेही फुकट.

12 जानेवारी 1858 पासूनच्या मृत्युपत्रांसाठी वर्षवार राष्ट्रीय सूची आहे. त्याआधीचं मृत्युपत्र चर्चच्या न्यायालयात गेलेलं; कँटरबरीच्या न्यायालयातलं असेल तर नॅशनल आर्काइव्हजच्या ‘प्रॉब 11’ मालिकेत.

1880 नंतर बंदरांतल्या मोठ्या रोलर मिल्सनी (दगडांऐवजी लोखंडी रुळांनी दळणाऱ्या गिरण्यांनी) खेड्यातल्या दगडी चक्क्यांचा धंदा ओढून नेला. म्हणून 1891 मध्ये तोच माणूस शेतकरी किंवा कोळसा विकणारा म्हणून भेटला तर चुकीचं घर पकडलं असं समजू नका. बायको-मुलांची नावं आणि जन्मगावं जुळवा. एखादा मुलगा एकाएकी नाहीसा झाला आणि तो फौजेत गेल्याचा संशय असेल, तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद उघडा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ‘एन 3’ मालिकेत आहेत. मिलरचा मुलगा पुण्याच्या किंवा कुलाब्याच्या चर्चमध्ये लग्न करून बसला असेल, तर त्याच्या बापाचं नाव तिथे मिळण्याची शक्यता आहे.