पावसाळ्यानंतर स्की बोटीच्या तळातलं पाणी काढताना: मधलं बूच, मधलं बूच, मधलं बूच

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मामांची बोट गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला उतरवली, मामेभावंडांना लाइफ जॅकेटं घालून होईपर्यंत वीसेक मिनिटं ती काठाला बांधून ठेवली, आणि तेवढ्यात इंजिनच्या खोक्याच्या कडेने कार्पेट ओलं व्हायला लागलं. मागचं बूच, म्हणजे तळातलं पाणी काढायच्या भोकाचं झाकण, मी स्वतः आवळलं होतं. मधलं आवळलं नव्हतं. ते शेडमध्ये टूलबॉक्सच्या झाकणावर, जिथे काढून ठेवलं तिथेच होतं. मुलं काठावर होती म्हणून निभावलं, स्टार्टर मात्र पाण्यात बुडून गेला आणि मामांची सगळी दिवाळी बोट दुरुस्तीत गेली. म्हणून यंदा पाणी काढायला हात लावण्याआधी हे सगळं लिहून ठेवतोय, ज्यांच्याकडे इनबोर्ड स्की बोट आहे, म्हणजे इंजिन मागे लटकलेलं नाही तर बोटीच्या पोटात मधोमध बसलेलं आहे, त्यांनी नीट वाचा.

आधी हे समजून घ्या की अशा बोटीला बहुतेक वेळा दोन बुचं असतात. एक मागच्या फळीत, ते सगळ्यांना माहीत असतं, बाहेरून दिसतं. दुसरं इंजिनच्या आसपास तळाला, आमच्या बोटीत आतून, इंजिनच्या पुढच्या अंगाला हात कोपरापर्यंत घातल्यावर लागतं, पितळी आहे. ते दिलंय कारण बोटीचा तळ एकसंध डबा नसतो, मजबुतीसाठी लांबलचक उभ्या-आडव्या तुळयांनी पाडलेले कप्पे असतात, आणि इंजिनखालचं पाणी मागे जायला फक्त छोटी छोटी भोकं असतात. ती भोकं तुंबली की मागचं बूच काढून तुम्ही खुशाल दोन तास बसा, मागून धार थांबेल, तुम्हाला वाटेल संपलं, आणि इंजिनखाली तेवढंच पाणी उभं असेल. त्यामुळे मधलं बूच काढावंच लागतं. आणि काढलं की परत बसवावंही लागतं, हे मी गेल्या वर्षी विसरलो.

तर तयारी. बॅटरी चार्ज, हातमोजे, टॉर्च, पाना, घमेलं, दोन कॅन, जुन्या चादरीचे तुकडे, सायकलच्या स्पोकसारखी कडक तार, मोठा स्पंज. आणि एक पिवळी नायलॉनची दोरी, वीतभर. दोरी कशाला ते पुढे सांगतो पण ती नसेल तर बाकीचं सुरूच करू नका.

ताडपत्री काढताना तिच्यावर साचलेलं पाणी आत ओतू नका, आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी ओततंच. चाकांना दगड लावा आणि ट्रॉलीचं पुढचं चाक फिरवून नाक वर करा, बऱ्यापैकी वर, पाणी मागे आलं पाहिजे.

मग इंजिनचं झाकण उघडा आणि पहिल्यांदा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा, तळातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचं बटण दाबायचं नाही, ब्लोअर म्हणजे इंजिनच्या खोक्यातली हवा बाहेर काढणारा पंखा, तोही नाही, मोबाइलसुद्धा लांब ठेवा, बॅटरीच्या वायरला हात लावू नका कारण ठिणगी तिथेही उडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी तळात बसून राहते, आणि बंद तळातली ती वाफ पेटली तर बोट आणि माणूस दोन्ही जातात. सगळी झाकणं उघडून बोट वाऱ्यावर सोडा, वास पूर्ण गेला की मग गळती कुठे आहे ते शोधा. ह्यात घाई करणाऱ्याला मी बोटीपाशी उभंही राहू देत नाही.

वास नसेल तर टॉर्च मारून पाणी बघा. नुसतं गढूळ असेल तर पावसाचं. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग असेल तर त्यात ऑइल आहे आणि ते पाणी उघड्यावर सोडायचं नाही, धरणाच्या काठावर तर अजिबातच नाही. गंगापूरचं पाणी नाशिकच्या नळाला येतं, आपण तेच पितो. चादरीचे तुकडे पाण्यावर अलगद टाकून तवंग टिपून घ्या, तुकडे पिशवीत, उरलेलं तेलकट पाणी कॅनमध्ये, आणि कॅन जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे. एवढे कष्ट घ्याच.

आता बुचं काढा, आणि काढताक्षणी दोन्ही त्या पिवळ्या दोरीत ओवून बोटीच्या किल्लीला बांधा. खिशात नाही, टूलबॉक्सवर नाही, "इथेच ठेवतो, दिसेल" तर मुळीच नाही, मला पण दिसेल असंच वाटलं होतं. किल्लीला बांधली की इंजिन चालू करायला हात घालाल तेव्हा बूच हातात येईल. मागचं बसवून मधलं राहिलं तर मधलं लोंबकळत असेल.

धार लागली की बसून राहू नका, तार घेऊन ती भोकं साफ करा. गेल्या वर्षी ह्यातून काय निघालं सांगू, झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला आम्ही बोटीची पूजा करतो, इंजिनवर हार घालतो, त्याच्या पाकळ्या झडून खाली गेल्या, काळ्या पडून ऑइलच्या गाळात घट्ट बसल्या, आणि त्यांनीच पंपाची जाळीही बंद केली होती. पूजा करा, हार बाहेर नाकाला बांधा. पंपाची जाळी खालून काढून टूथब्रशने घासा, फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा तरंगता खटका, बोटाने वर उचला, पंप लगेच घरघरला पाहिजे. मग बादलीभर पाणी ओतून बघा, कारण पंप नुसता आवाज करत असेल आणि पाणी फेकत नसेल असंही होतं, पाइप कुठेतरी चेपलेला असतो.

पंप चांगला आहे म्हणून बुचाकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या पंपावर तासाला ५०० गॅलन लिहिलंय, म्हणजे साधारण १,९०० लिटर, मिनिटाला तीसेक. पण हा आकडा पाइपला चढ नसताना आणि बॅटरी फुल असतानाचा, बोटीत बसवल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं असं धरून चाला. आणि फुटभर पाण्याखालच्या अर्ध्या-पाऊण इंची भोकातून मिनिटाला बादलीभर पाणी आत येतं. म्हणजे सगळं नीट चालू असेल तरी जेमतेम बरोबरी, आणि बॅटरी उतरली की संपलं. पाकळ्या अडकल्या असतील तर सुरुवातीपासूनच संपलं. साचलेल्या १०० लिटरचं वजन १०० किलो, ते मागे-पुढे हिंदकळतं, बोट वळणावर भलतीकडे कलते, आणि शाफ्टचं, म्हणजे इंजिनपासून बाहेरच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं, कपलिंग (इंजिनशी जोडणारा सांधा) पाण्यात फिरायला लागलं की ते पाणी उडवून वर इंजिनभर मारतं.

धार संपली की उरलेलं स्पंजने टिपा, झाकणं उघडी ठेवून ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस राहू द्या. कोरड्या तळावरच पुढची गळती दिसते. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथली पाणी अडवणारी पॅकिंग साधी जुन्या पद्धतीची असेल तर चालताना थेंब थेंब गळणं बरोबर आहे, त्या पाण्यानेच ती थंड राहते, त्यामुळे "गळतंय" म्हणून ती कचकचून आवळू नका, शाफ्ट तापून खराब होईल. थेंबाची धार झाली तर मात्र आवळायची किंवा बदलायची.

आता बसवणं. आधी मधलं. मागचं नाही, आधी मधलं, कारण मागचं सोपं आहे आणि ते लावून झालं की डोक्याला वाटतं काम झालं. आटे पुसून, हाताने सरळ धरून, मग पान्याने थोडंसंच, जोर लावला तर पितळ टिकेल पण फायबरमधला आटा जाईल. मग मागचं. मग अजून शेडमध्येच, पंप बंद ठेवून, इंजिनखाली दोन बादल्या पाणी ओता आणि दहा मिनिटं ट्रॉलीखाली आडवं होऊन बघा. गेल्या वर्षी ह्या दोन बादल्या ओतल्या असत्या तर शेडची फरशी ओली झाली असती, स्टार्टर गेला नसता. ओतलेलं पाणी पंपानेच काढा, तेवढीच त्याची परीक्षा.

इंपेलर (इंजिन थंड ठेवायचं पाणी खेचणारी रबरी चकती), कूलिंगच्या नळ्या, बेल्ट बघून घ्या. इंजिनच्या ब्लॉकमधलं पाणी काढायचे ड्रेन उघडले असतील तर तेही बंद करा. थंडीत निफाडला पारा घसरला की ब्लॉकमधल्या पाण्याची चिंता मामा करतात, तो विषय वेगळा. ट्रॉलीची हवा, दिवे, परवानगीचे कागद, ते तुमचं तुम्ही बघा.

काठावर ट्रॉली पाण्यात ढकला पण बोट ट्रॉलीला बांधणारा पट्टा सोडू नका. बोट मागून तरंगायला लागली की झाकण उघडून टॉर्च मारा, दोन मिनिटं घड्याळ लावून, मधल्या बुचावर. कोरडं असेल तर ब्लोअर चार मिनिटं, मग स्टार्ट, मग पट्टा. मुलं त्यानंतर चढतील.

परत आलात की दोन्ही बुचं काढून किल्लीला. आमच्याकडे किल्ली हॉलमध्ये खिळ्यावर असते, तिला दोन बुचं लटकत असतील तर बोट उघडी आहे, एक असेल तर मला आधी फोन करा.